दवाखाना आपला, तर बैठकीतली खुर्चीही आपली

सकाळी सातला धुणीभांडी करायला निघालेली बाई दुपारी दोन-तीनला घरी परतते. तोवर दवाखान्याची ओपीडी आटोपलेली असते. नाक्यावर कामाची वाट पाहणारा माणूस केसपेपरच्या रांगेत उभा राहिला तर त्या दिवसाची मजुरी बुडते. रक्तदाबाच्या गोळ्या थोड्याच दिवसांच्या मिळतात आणि त्या संपल्या की म्हाताऱ्या माणसाला पुन्हा तीच रांग लावावी लागते. कधी चिठ्ठी हातात पडते आणि सांगितले जाते, "हे बाहेरून आणा."

हे सगळे आपण बोलतो. नळावर बोलतो, विहाराच्या ओट्यावर बोलतो, शेअर रिक्षात बोलतो. पण ज्या टेबलावर दवाखान्याची वेळ ठरते, औषधांची मागणी लिहिली जाते आणि निधी कशावर खर्च करायचा याचा ठराव होतो, त्या टेबलापर्यंत आपले बोलणे पोचत नाही. म्हणून दवाखाना तसाच राहतो आणि आपण म्हणतो, सरकारी काम असेच असायचे.

खरे तर त्या टेबलाशी बसण्याचा हक्क सरकारच्याच योजनेने आपल्याला दिला आहे. बहुतेक वस्त्यांना तो माहीत नाही. काही वस्त्यांत तो कागदावर वापरला जातो, सह्या आपल्या बायकांच्या आणि निर्णय दुसऱ्याचा. यावेळी आरोग्याच्या पानावर आम्ही एखाद्या आजाराबद्दल न लिहिता या हक्काबद्दल लिहीत आहोत.

हा हक्क आला कुठून?

सप्टेंबर १९७८ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातील अल्मा-आटा या शहरात जगभरच्या देशांची आरोग्यावर परिषद भरली. तिथे झालेल्या जाहीरनाम्यात एक गोष्ट स्पष्ट मांडली गेली. आपल्या आरोग्यसेवेचे नियोजन आणि अंमलबजावणी यांत एकेकट्याने आणि मिळून भाग घेणे हा लोकांचा हक्क आहे आणि ते त्यांचे कर्तव्यही आहे. म्हणजे लोकांनी फक्त रांगेत उभे राहून औषध घ्यायचे नाही, रांग का लागते हेही विचारायचे.

आपल्या देशात हे योजनेच्या नियमांत उतरायला बराच काळ गेला. एप्रिल २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. त्यात गावपातळीवर आरोग्य समिती, दवाखान्यात रुग्ण कल्याण समिती आणि लोकांनी स्वतः सेवांवर देखरेख ठेवण्याची व्यवस्था आली. २००७ मध्ये देशातल्या नऊ राज्यांत या देखरेखीचा प्रयोग सुरू झाला आणि त्यात महाराष्ट्र होता.

पाच जिल्ह्यांनी काय करून दाखवले

महाराष्ट्रात हे काम अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत सुरू झाले. सुरुवातीला सुमारे २२५ गावे निवडली गेली. राज्यात त्याचा समन्वय पुण्याच्या 'साथी' या संस्थेकडे होता आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या लोकसंघटना गावात प्रत्यक्ष काम करत होत्या. या कामाला नाव मिळाले लोकाधारित देखरेख.

पद्धत अगदी साधी होती. गावातल्या लोकांनी एकत्र बसायचे आणि एकेका सेवेबद्दल बोलायचे. लसीकरण वेळेवर होते का? गरोदर बाईची तपासणी पुरी होते का? दवाखान्यात औषध मिळते का? पैसे मागितले जातात का? गावाला आलेला निधी कुठे गेला? मग प्रत्येक सेवेला रंग द्यायचा. चांगली असेल तर हिरवा, जेमतेम असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. असे गावाचे आणि दवाखान्याचे प्रगतिपुस्तक तयार व्हायचे. शाळेत मुलांचे असते, तसे इथे दवाखान्याचे. ज्याला अक्षर ओळखता येत नाही, त्यालाही लाल रंग कळतो.

पुढची पायरी जनसुनवाईची. प्रगतिपुस्तक सगळ्यांसमोर मांडायचे, ज्यांना त्रास झाला त्यांनी उभे राहून सांगायचे आणि आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्यांनी तिथेच उत्तर द्यायचे. बंद खोलीत दिलेला अर्ज फाईलमध्ये झोपतो. शेकडो लोकांसमोर विचारलेला प्रश्न झोपत नाही.

याचा परिणाम मोजला गेला. पहिल्या फेरीत लोकांनी ४८ टक्के सेवांना 'चांगली' म्हटले होते. दुसऱ्या फेरीत हा आकडा ६१ टक्के झाला आणि तिसऱ्या फेरीत ६६ टक्के. हे गुण सरकारने स्वतःला दिलेले नव्हते, गावाने दिलेले होते. अनेक ठिकाणी बाहेरून औषध आणायला लावण्याचे प्रमाण कमी झाले, बेकायदा पैसे घेणे थांबले, औषधांचा साठा किती आहे याची यादी भिंतीवर लागली. पुढे या कामाच्या नावात आणखी एक शब्द जोडला गेला: लोकाधारित देखरेख आणि नियोजन. हा जोडलेला शब्द महत्त्वाचा आहे. देखरेख म्हणजे काय चुकले ते सांगणे. नियोजन म्हणजे पुढे काय व्हावे ते ठरवणे.

शहरातल्या वस्तीसाठी काय आहे?

आपले अनेक वाचक म्हणतील, ही झाली खेड्यातली गोष्ट. आम्ही तर शहरात, रेल्वेलाइनच्या कडेला, नाल्याच्या काठाला राहतो. आमच्यासाठी काय?

मे २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाला मंजुरी मिळाली. ते मुख्यतः झोपडपट्टीत राहणाऱ्या, बेघर, कचरा वेचणाऱ्या, बांधकामावर राबणाऱ्या माणसांसाठी आहे. वस्ती सरकारी यादीत असो वा नसो, तिथल्या लोकांना ते लागू आहे. साधारण ५० हजार लोकसंख्येमागे एक नागरी आरोग्य केंद्र आणि २०० ते ५०० घरांमागे एक आशाताई, अशी त्याची रचना आहे. तिच्यातच आपल्या बायकांसाठी एक जागा ठेवली आहे. तिचे नाव महिला आरोग्य समिती.

या समितीचे नियम प्रत्येक घराने माहीत करून घ्यावेत असे आहेत. साधारण ५० ते १०० घरांची मिळून एक समिती होते. तिच्यात त्याच वस्तीतल्या १० ते १२ बायका असतात. अध्यक्ष कोण, हे त्या बायकांनी आपसांत निवडायचे, नगरसेवकाने किंवा दवाखान्याने नाही. आशाताई समितीच्या सचिव असतात. महिन्यातून एकदा तरी बैठक व्हायला हवी. समितीच्या नावाने बँकेत खाते असते, ते अध्यक्ष आणि आशाताई यांच्या सहीने चालते. त्या खात्यात वर्षाला ५,००० रुपयांचा निधी येण्याची तरतूद आहे.

पाच हजार रुपये म्हणजे महिन्याला चारशे-सव्वाचारशे. एवढ्यात काय होणार, असे कुणी विचारील. वस्तीची सफाई मोहीम, डास मारण्याची फवारणी, रात्री-अपरात्री रुग्णाला हलवण्यासाठी गाडीभाडे, अशी साऱ्या वस्तीला उपयोगी पडणारी कामे त्यातून करता येतात. पण समितीची खरी किंमत या रकमेत नाही. तिच्याकडे ठरावाचे पुस्तक असते. त्यात लिहिलेला आणि आरोग्य केंद्राला दिलेला ठराव म्हणजे वस्तीचा अधिकृत शब्द. एकट्या बाईला "उद्या या" म्हणून परत पाठवता येते. शंभर घरांच्या समितीच्या ठरावाला लेखी उत्तर मागता येते.

महिला आरोग्य समितीच्या वर, आरोग्य केंद्राच्या पातळीवर, रुग्ण कल्याण समिती असते. आता काही ठिकाणी तिलाच जन आरोग्य समिती म्हणतात. केंद्राला मिळणारा निधी कशावर खर्चायचा हे तिथे ठरते. पाण्याचे पिंप आधी की साहेबांच्या खोलीचा पडदा आधी, हा निर्णय याच टेबलावर होतो. तिथे वस्तीतले कोण बसते, हे विचारायलाच हवे.

सहीपुरती समिती

आता कडू गोष्ट. समिती आहे, पण कागदावर, असे अनेक वस्त्यांत ऐकू येते. आपण सदस्य आहोत हे सदस्य बाईलाच माहीत नसते. वर्षातून एकदा कुणीतरी वही घेऊन येते, चार कोऱ्या पानांवर सह्या किंवा अंगठे घेऊन जाते आणि बारा बैठका झाल्याचे दाखवले जाते. निधी आला की गेला, कळत नाही.

अशा समितीने फायदा तर होत नाहीच, उलट नुकसान होते. उद्या कुणी तक्रार केली, तर तीच वही पुढे केली जाते: "पाहा, तुमच्याच बायकांनी सगळे ठीक आहे म्हणून सही केली आहे." आपली सही आपल्याच तोंडावर हात ठेवते.

म्हणून पहिला नियम: कोऱ्या कागदावर सही नाही, अंगठा नाही. सहीच्या वर काय लिहिले आहे ते मोठ्याने वाचून घ्यायचे. वाचता येत नसेल तर शाळेत जाणारी मुलगी शेजारी बसवायची. बैठकीचे इतिवृत्त लिहून झाल्यावर त्याचा मोबाइलवर फोटो काढायचा. हे भांडण नव्हे. ज्याचा व्यवहार स्वच्छ आहे, त्याला याचा त्रास होत नाही.

इथे एक गोष्ट सांभाळायला हवी. आशाताई आपल्यातल्याच आहेत. त्यांना नियमित नोकरीचा पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो आणि कागदांचा ढीग त्यांच्या माथी असतो. औषध संपले यात त्यांचा दोष नसतो. समितीने त्यांच्यावर ओरडायचे नाही, त्यांच्या पाठीशी उभे राहायचे. वर जो प्रश्न त्या एकट्या विचारू शकत नाहीत, तो समिती विचारू शकते.

आपल्या माणसाची खुर्ची का हवी?

काही जण म्हणतात, दवाखान्याच्या समितीत शिकलेली, मोठी माणसे असली की पुरे, ती सगळ्यांचे बघतील. अनुभव तसा नाही.

संघमित्रा आचार्य यांनी गुजरात आणि राजस्थानातल्या काही गावांत दलित मुलांना आरोग्यसेवा कशी मिळते याचा अभ्यास केला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांनी जे सांगितले ते आपल्याला नवे वाटणार नाही. तपासताना, औषध हातावर ठेवताना स्पर्श टाळला जातो. घरी येणारा कर्मचारी आपल्या दारात थांबत नाही किंवा आत येत नाही. औषध मिळाले, म्हणजे रजिस्टरमध्ये सेवा दिल्याची नोंद झाली. पण ती कशी दिली, याचा रकाना रजिस्टरमध्ये नसतो. तो रकाना फक्त ज्याच्यावर वेळ आली तोच भरू शकतो.

शहरात भेद दुसऱ्या रूपात येतो. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पक्क्या घरांची नोंद होते आणि नाल्याकाठची नवी घरे सर्वेक्षणातून सुटतात. घर यादीत नाही, तर बाळाचे लसीकरण यादीत नाही आणि गरोदर बाईची नोंद नाही. केंद्राचा आकडा शंभर टक्के दिसतो, कारण जे मोजलेच नाही ते राहिलेले दिसत नाही. वस्तीत किती घरे आहेत हे वस्तीतल्या बाईला जेवढे ठाऊक असते, तेवढे कुठल्याच कार्यालयाला नसते.

आपल्या प्रश्नावर आपल्याशिवाय निर्णय होऊ नये, हे आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको. बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे हीच बाजू मांडली होती. अस्पृश्यांचे हित दुसऱ्याच्या दयेवर सोडता येत नाही, त्यांचे प्रतिनिधी त्यांच्यातलेच हवेत, असे त्यांचे म्हणणे होते. तो प्रश्न कायदेमंडळाचा होता. दवाखान्याच्या टेबलालाही तेच तत्त्व लागू पडते.

ब्राझील या देशाने तर हे कायद्यातच लिहिले. तिथे १९९० च्या कायद्याने शहराशहरांत आरोग्य परिषदा आल्या आणि त्यांतल्या निम्म्या जागा सेवा घेणाऱ्या लोकांसाठी राखल्या गेल्या. उरलेल्या निम्म्यांत कर्मचारी, सरकार आणि सेवा देणाऱ्या संस्था. केंद्राचा निधी हवा असेल तर शहरात अशी परिषद असणे बंधनकारक केले. आपल्याकडे अजून निम्म्या जागा नाहीत. पण ज्या आहेत त्या रिकाम्या ठेवल्या, तर जास्त कोणत्या तोंडाने मागणार?

रुग्णाला जे आधी कळते

आजारी माणूस डॉक्टर नसतो, हे खरे. पण व्यवस्था कुठे मोडते, हे त्याला सर्वांत आधी कळते. याचे मोठे उदाहरण आपल्या जवळचेच आहे.

मुंबई परिसरातल्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या फुमेझा तिसिले, दोघी टीबीतून बऱ्या झालेल्या. उपचारातल्या जुन्या इंजेक्शनांमुळे दोघींची ऐकण्याची शक्ती गेली. अवघड टीबीसाठी 'बेडाक्विलिन' नावाची गोळी आली, पण ती एकाच कंपनीच्या ताब्यात होती आणि कंपनी आणखी काही वर्षांचे पेटंट मागत होती. २०१९ मध्ये या दोघींनी भारताच्या पेटंट कार्यालयात त्याला विरोध नोंदवला. मार्च २०२३ मध्ये कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला आणि भारतीय कंपन्यांना हे औषध स्वस्तात बनवण्याचा मार्ग मोकळा झाला. त्या दोघी मंत्री नव्हत्या की तज्ज्ञ नव्हत्या. त्या रुग्ण होत्या आणि स्वतःवर काय गुदरले ते त्यांना ठाऊक होते.

टीबीच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही आता जिल्हा पातळीवर 'टीबी फोरम'ची तरतूद आहे आणि त्यात बऱ्या झालेल्या रुग्णांना जागा आहे. आपल्या वस्त्यांत टीबीतून उठलेली माणसे आहेत. बहुतेक जण लाजेने ते लपवतात. खरे तर नव्या रुग्णाची गोळी का सुटते, घरच्यांची तपासणी का राहते, हे त्यांच्याइतके नीट कुणी सांगू शकणार नाही.

"उद्या उपचार दिले नाहीत तर?"

ही भीती खोटी नाही. बाळंतपणाला त्याच दवाखान्यात जायचे आहे, मग आज सिस्टरशी वाकडे कोण घेणार? म्हणूनच एकटीने तक्रार करू नये असे आम्हांला वाटते. बोलायचे ते समितीच्या नावाने, लेखी आणि सेवेबद्दल. "अमक्या सिस्टर वाईट बोलतात" असे तोंडी सांगितले की भांडण होते. "गेल्या महिन्यात वस्तीतल्या सात बायकांना तपासणी न करता परत पाठवले, याबाबत केंद्राने काय ठरवले ते कळवावे" असे समितीने लिहिले की ते काम होते. माणसाशी वैर नको, पण सेवेत सवलतही नको.

या महिन्यापासून काय करता येईल?

पहिले, शोध घ्या. आपल्या गल्लीची महिला आरोग्य समिती आहे का, सदस्य कोण, अध्यक्ष कोण, शेवटची बैठक कधी झाली, हे आशाताईंना विचारा. समिती नसेल तर ती स्थापन करावी असा अर्ज वस्तीच्या सह्यांनी आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायला विसरू नका. पोच नसलेला अर्ज दिला नसल्यासारखाच.

दुसरे, रंगांचा कागद करा. पौर्णिमेला विहारात वंदना झाली की अर्धा तास बसा. पाच प्रश्न पुरेत. दवाखाना ठरलेल्या वेळी उघडा होता का? लिहिलेली औषधे तिथेच मिळाली का? पैसे मागितले का? नीट तपासले का, बोलणे माणुसकीचे होते का? आशाताई किंवा नर्सबाई शेवटच्या घरापर्यंत आल्या का? प्रत्येकाला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्या. हाच कागद दर तीन महिन्यांनी पुन्हा करा आणि शेजारी-शेजारी लावा.

तिसरे, एका वेळी एकच मागणी धरा आणि ती नेमकी सांगा. "सेवा सुधारा" याला कुणी नाही म्हणत नाही आणि कुणी काही करतही नाही. "आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी ओपीडी ठेवा", "रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या एका वेळी महिन्याभराच्या द्या", "औषधसाठ्याचा फलक रोज लिहा", अशी मागणी करा. ती पुरी झाली की पुढची.

चौथे, उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार वापरा. अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाहीत. आपल्या राज्यात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो. ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे, नाहीतर अपील करता येते. समितीच्या खात्यात गेल्या तीन वर्षांत किती निधी आला आणि कशावर खर्च झाला, एवढाच प्रश्न विचारून पाहा.

पाचवे, पुरुषांनी ऐकावे. समितीची बैठक असेल त्या संध्याकाळी चूल आणि लेकरे तुम्ही सांभाळा. बायको बैठकीला गेली आणि घरी येऊन बोलणी खाल्ली, तर पुढच्या वेळी ती जाणार नाही आणि तिची खुर्ची दुसरा कुणी घेईल.

यातले काहीच एका महिन्यात पुरे होणार नाही. त्या पाच जिल्ह्यांतही लाल रंगाचा हिरवा व्हायला फेऱ्यांमागून फेऱ्या लागल्या. पण तिथे बदल झाला तो नव्या इमारतीने नाही. त्याच दवाखान्याला, त्याच कर्मचाऱ्यांना लोकांनी ठरावीक वेळाने, एकत्र बसून, लेखी प्रश्न विचारले. आपल्या वस्तीचा दवाखाना आपल्याच कराच्या पैशावर चालतो. चहा-साखरेपासून चपलेपर्यंत प्रत्येक वस्तूवर आपण तो कर भरतो. तेव्हा महिला आरोग्य समितीची पुढची बैठक कधी आहे, हे या आठवड्यात विचारून घ्या. आणि जाताना एकट्या जाऊ नका, शेजारणीलाही बरोबर घ्या.